मुरलेल्या ऑइलचा माग : कर्वेनगरमधील एका जुन्या झेनची गळती

माझे मामा पुण्यात कर्वेनगरला राहतात आणि त्यांच्याकडे १९९७ सालची मारुती झेन आहे. १९९३ मध्ये बाजारात आलेले आणि २००६ मध्ये बंद झालेले हे मॉडेल. मामांच्या गाडीत ९९३ सीसीचे, चार सिलिंडरचे, कार्ब्युरेटरवर चालणारे इंजिन आहे आणि त्याचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) व हेड (त्यावर बसणारा वरचा भाग) दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर संगम पुलाजवळच्या आरटीओत फेरनोंदणी, पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा तीच प्रक्रिया आणि त्यासोबत पर्यावरण कर, हे सगळे मामांनी वेळच्या वेळी केले आहे. मामी गेल्यानंतर ही गाडी विकण्याचा विषय घरात कोणी काढत नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर सोसायटीच्या सचिवांनी पार्किंगमधल्या शहाबादी फरशीवरच्या काळ्या डागांबद्दल लेखी सूचना दिली, तेव्हा मामांनी मला फोन केला आणि एवढेच म्हणाले, “अरे, गाडीतून ऑइल गळतंय. रविवारी येऊन बघून जाशील का?”

मी भोसरीतल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात बावीस वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केले आहे. गॅरेज हा माझा व्यवसाय नव्हे. परंतु दोष कुठे आहे हे सिद्ध झाल्याशिवाय भाग बदलायचा नाही, ही शिस्त अंगात भिनलेली आहे, आणि या प्रकरणात ती कामी आली म्हणून ते सविस्तर लिहून ठेवतो आहे.

मी पोहोचण्यापूर्वीच मामांनी गाडी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली होती. तिथे गाडी रॅम्पवर घेऊन खालून बॅटरी मारली गेली आणि इंजिन व गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, त्या जोडाच्या अगदी तळाला ऑइलचा थेंब लोंबताना दिसला. त्यावरून क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, मागचे ऑइल सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) गेल्याचे सांगण्यात आले. ते सील फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या, मागे असते. म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील काढायचे आणि मग सीलला हात घालायचा. “एवढं उघडलंच आहे तर क्लच सेटही टाकून घ्या,” असा सल्ला जोडून एकूण खर्च साडेअकरा हजार रुपये सांगितला गेला. ते सांगणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही, कारण या इंजिनांमध्ये मागचे सील खरोखरच जाते आणि गेल्यावर थेंब नेमका तिथेच पडतो. पण थेंब तिथे पडतो म्हणून सील गेले आहे, हा उलटा निष्कर्ष मात्र निघत नाही. हेडच्या त्या बाजूला वर कुठेही ऑइल बाहेर आले तरी ते ब्लॉकच्या कडेने, होजवरून (रबरी नळीवरून), बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) बरगड्यांवरून उतरत शेवटी सर्वांत खालच्या बिंदूलाच जमणार आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचे प्रकार जुन्या गाड्यांच्या गळतीत जितके होतात, तितके दुसऱ्या कोणत्याही दुरुस्तीत होत नसतील. मी मामांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. प्रत्यक्षात सहा आठवडे लागले.

गळते ते काय आणि किती

पहिला प्रश्न द्रवाचा होता. जोडाच्या एका बाजूला इंजिन ऑइल असते आणि दुसऱ्या बाजूला गिअर ऑइल, त्यामुळे तळाच्या थेंबावरून दोघांपैकी कोणाचीही गळती असू शकते. पांढऱ्या कागदावर तो थेंब टिपून घेतला. रंग काळपट तपकिरी, बोटांमध्ये चोळल्यावर पातळ, आणि वास जळकट. गिअर ऑइल यापेक्षा दाट आणि चिकट असते, आणि त्याला गंधकाच्या संयुगांमुळे येणारा उग्र वास एकदा घेतला की विसरता येत नाही. हे इंजिन ऑइलच होते.

त्यानंतर आम्ही गाडीच्या पुढच्या चाकांच्या जागा फरशीवर खडूने आखून घेतल्या, म्हणजे रोज रात्री गाडी त्याच जागी उभी राहील, आणि खाली खोक्याचा मोठा पुठ्ठा अंथरला. चार रात्रींच्या पुठ्ठ्यांवर डाग एकाच जागी, बेलहाउसिंगच्या खाली पडले. टायमिंग बेल्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या विरुद्ध, बाजूला पुठ्ठा चारही दिवस कोरा राहिला. त्यामुळे कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या हेडमधल्या दांड्याचे) पुढचे सील आणि क्रँकचे पुढचे सील हे दोन संशयित पहिल्याच आठवड्यात बाजूला झाले. इंजिनच्या मध्यावर चेंबरच्या (तळाच्या ऑइलच्या टाकीच्या) पॅकिंगखाली एक अगदी फिकट ठिपका होता, त्याची नोंद करून ठेवली.

पुढे डागांच्या जागी स्टीलची वाटी ठेवली आणि सकाळी त्यात जमलेले ऑइल सुई काढलेल्या सिरिंजने ओढून मोजले. एका रात्रीत साधारण दोन मिलिलिटर भरत होते. मामांच्या वहीतील नोंदींप्रमाणे मागच्या पाचशे किलोमीटरमध्ये, म्हणजे सुमारे पाच आठवड्यांत, डिपस्टिकची पातळी राखण्यासाठी साडेतीनशे मिलिलिटर ऑइल वरून ओतावे लागले होते. पाच आठवड्यांत उभ्या गाडीतून गळालेले ऑइल सत्तर मिलिलिटरच्या आसपास भरते. उरलेले पावणेतीनशे मिलिलिटर गाडी चालू असताना जात होते. ते जळत असेल का, हे पाहण्यासाठी चारही स्पार्क प्लग काढले. ते कोरडे आणि फिकट तपकिरी होते, आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत नव्हता. म्हणजे ऑइल बाहेरच जात होते आणि त्याचा मोठा भाग इंजिन फिरत असतानाच जात होता. या एका आकडेमोडीने पुढच्या तपासाची दिशा ठरवली, कारण नुसत्या उभ्या गाडीखाली डोके घालून ही गळती सापडणार नव्हती.

मागच्या सीलची परीक्षा

गिअरबॉक्स न उतरवताही मागच्या सीलबद्दल बरेच काही कळू शकते. या गाडीत बेलहाउसिंगच्या खालच्या बाजूला फ्लायव्हीलसमोर एक पातळ पत्र्याचे झाकण असते. शुक्रवार पेठेतल्या एका बोळात वर्षानुवर्षे जुन्या मारुती गाड्यांचे काम करणारे एक मिस्त्री माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्याकडे गाडी नेली आणि ते झाकण काढायला सांगितले.

झाकणाचा बाहेरचा पृष्ठभाग ऑइलने माखलेला होता. आतला पृष्ठभाग मात्र कोरडा होता आणि त्यावर क्लच प्लेटची राखाडी भुकटी सुटीच पडलेली होती. मिस्त्रींनी तिच्यावरून बोट फिरवले, ते मला दाखवले आणि म्हणाले, “साहेब, सील गेलं असतं तर या भुकटीचा चिखल झाला असता.” आरसा आत घालून फ्लायव्हीलची मागची बाजू पाहिली, तीही कोरडी होती. क्लच घसरत असल्याची कोणतीही खूण चढावर मिळाली नव्हती. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा वेग आणि गाडीचा वेग बरोबरीने वाढत होते. साडेअकरा हजारांचे काम इथेच रद्द झाले.

धुणे, आणि धुताना मिळालेला पुरावा

गळती शोधण्यासाठी इंजिन आधी पूर्ण स्वच्छ करणे, ही पायरी टाळण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण त्यात वेळ जातो आणि हात घाण होतात. परंतु वर्षानुवर्षांच्या काजळीवर आणि धुळीवर ताजे ऑइल दिसतच नाही. मिस्त्रींनी डिझेल आणि ब्रशने जोडाची सगळी बाजू खरवडून घेतली आणि नंतर पाण्याचा फवारा मारला. फवारा मारण्यापूर्वी डिस्ट्रिब्युटरवर (प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागावर) प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती, पण ती सैल राहिली आणि गाडी सुरू केल्यावर इंजिन तीन सिलिंडरवर धडधडू लागले. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आतले पाणी कोरड्या फडक्याने पुसले.

त्या वेळी मी कॅपच्या आत वाकून पाहिले आणि जे दिसले ते नोंदवहीत लिहिले, पण त्याचा अर्थ त्या दिवशी माझ्या लक्षात आला नाही. आत पाण्याचे थेंब होते, ऑइल अजिबात नव्हते. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडील टोकाला बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टवरूनच फिरतो, त्यामुळे त्याच्या बुडाशी हेडमधले ऑइल सतत पोहोचत असते. त्याच्या शाफ्टचे आतले सील गेले असते तर ऑइल कॅपमध्ये चढले असते. कॅप कोरडी होती, म्हणजे ते सील चांगले होते. डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरून, त्याच्या आणि हेडच्या जोडातून ऑइल येत असेल का, हा प्रश्न मात्र मी तेव्हा विचारला नाही.

विचारला नाही, कारण त्याच दिवशीच्या फेरीत दुसरे उत्तर समोर आले. आम्ही वारजे पुलावरून बाह्यवळण मार्गाने नव्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीपर्यंत गेलो आणि जुन्या कात्रज घाटाने परत आलो. सुमारे चाळीस किलोमीटरच्या या फेरीत महामार्गाचा सलग वेगही मिळतो आणि घाटातला ताणही. परतल्यावर बॉनेट उघडले तर टॅपेट कव्हरचा, म्हणजे हेडवरच्या झाकणाचा, मागचा कोपरा ओला होता आणि तिथून एक बारीक ओघळ खाली गेला होता. कव्हरचे पॅकिंग जुने, कडक झालेले होते आणि पूर्वी कोणीतरी त्यावर सिलिकॉन सीलंटचा जाड थर फासलेला होता. तो थर कव्हरच्या आतही आला होता. असा तुकडा सुटून चेंबरमध्ये पडला तर ऑइलच्या जाळीत अडकतो आणि इंजिनला ऑइल कमी पडते, त्यामुळे तो सगळा काळजीपूर्वक काढून टाकला. नवे रबरी पॅकिंग कोरडे बसवले आणि कव्हरचे बोल्ट हलक्या हाताने, समोरासमोर आवळले. हे बोल्ट जोर लावून आवळण्याचे नसतातच. जास्त आवळले की पॅकिंग मध्ये दबते आणि कोपऱ्यांत उचलले जाते.

सकाळच्या वाटीत आता दोनऐवजी एक मिलिलिटर ऑइल मिळू लागले. गळती निम्मी झाली होती, थांबली नव्हती. मामा म्हणाले, “निम्मी झाली म्हणजे कारण सापडलं ना?” सापडले होते, पण एकच कारण. वरून ओघळणारे ऑइल एकाच ठिकाणचे असावे असे मी गृहीत धरले होते, आणि पहिला ओला कोपरा दिसताच शोध थांबवला होता.

रात्रीची तपासणी

दुसऱ्या वेळी इंजिन पुन्हा धुतले, पण या वेळी ऑइलमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळला. एसीची गळती शोधणारे लोक असा रंग नेहमी वापरतात. इंजिन ऑइलसाठी त्याचा वेगळा प्रकार मिळतो आणि तो अगदी थोडा पुरतो. ऑइल स्वतःही अतिनील प्रकाशात थोडे निळसर चमकते, म्हणून रंग मिसळण्याआधी एकदा अंधारात पाहून घेणे हिताचे असते, अन्यथा जुनीच चकाकी नवी गळती वाटते. रंग घातल्यावर पुन्हा शिंदेवाडीची फेरी झाली आणि रात्री नऊनंतर पार्किंगमधले दिवे मालवून आम्ही बॉनेट उघडले. मामांनी एका हातात अतिनील टॉर्च आणि दुसऱ्या हातात आपला दाढीचा आरसा धरला होता.

टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा जवळजवळ काळा होता. त्याच्या खाली, समोरून होजच्या आड दडलेल्या जागी, डिस्ट्रिब्युटर जिथे हेडमध्ये शिरतो तिथे पिवळट हिरव्या रंगाची एक बारीक कडा उजळली होती. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाभोवती अर्धवर्तुळ, मग होजच्या क्लिपवर एक टिकली, तिथून बेलहाउसिंगच्या बरगडीवरून तिरकी उतरलेली सलग रेघ, आणि शेवटी तळाच्या बोल्टच्या डोक्यावर जमलेला तोच लोंबता थेंब, ज्यावरून क्रँकच्या सीलचा निष्कर्ष काढला गेला होता. पाणी कुठे मुरते आहे असे आपण म्हणतो. इथे ऑइल कुठून कुठे मुरत गेले, याचा अख्खा नकाशा आमच्यासमोर उजळला होता. मामा बराच वेळ टॉर्च न हलवता उभे राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे वरून आलं होतं ते.”

थेंब तळाला आणि उगम हातभर वर. मधला सगळा प्रवास दिवसाउजेडी दिसत नव्हता, कारण चालत्या गाडीत बॉनेटखालचा वारा ऑइलला मागे आणि खाली ढकलत नेतो आणि त्याचा पातळ पापुद्रा सगळ्या भागावर सारखाच पसरतो. टाल्कम पावडर शिंपडूनही हेच काम होते आणि मी पूर्वी ते केले आहे. स्वच्छ, कोरड्या भागावर पावडर टाकली की ऑइल जिथून येते तिथे ती ओली होऊन काळी पडते. परंतु वाऱ्याच्या झोतात आणि इतक्या अडचणीच्या जागी ती टिकत नाही.

पॅकिंगला घाम का फुटला

त्याच रात्री आणखी एक गोष्ट दिसली आणि मला ती डिस्ट्रिब्युटरच्या गळतीपेक्षाही महत्त्वाची वाटते. टॅपेट कव्हरचे दहा दिवसांपूर्वी बसवलेले नवे पॅकिंग एका बाजूला अगदी हलके ओले झाले होते. ओघळ नव्हता, पण घाम फुटावा तशी ओल होती आणि टॉर्चखाली ती स्पष्ट दिसत होती. नवे रबर, स्वच्छ पृष्ठभाग, नीट आवळलेले बोल्ट, आणि तरी दहा दिवसांत ओल. पॅकिंग खराब असावे असे म्हणून दुसरे आणणे सोपे होते. मला त्याऐवजी वाटले की आतून कोणीतरी ढकलत असावे.

पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू प्रत्येक इंजिनात, अगदी नव्यातही, खाली क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या पोकळीत) उतरत असतो. त्याला बाहेर काढण्यासाठी टॅपेट कव्हरपासून इनटेक मॅनिफोल्डकडे पीसीव्ही व्हॉल्व्ह या छोट्या झडपेमार्गे एक वाट असते आणि एअर क्लीनरकडे जाणारी दुसरी होज असते. या वाटा मोकळ्या असतील तर क्रँककेसमध्ये किंचित ओढ राहते. बंद झाल्या तर दाब वाढत जातो आणि प्रत्येक सील, प्रत्येक पॅकिंग आतून बाहेर ढकलले जाऊ लागते. वय झालेल्या रबराला तेवढा दाब पुरतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार पेठेत इंजिन सुरू ठेवून ऑइल भरायच्या तोंडाचे झाकण काढले आणि त्यावर पातळ रबरी हातमोजा ताणून बसवला. तो आत ओढला जायला हवा होता. तो हळूहळू फुगला आणि पाचही बोटे उभी राहिली. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला तर आतली गोळी खुळखुळत नव्हती; ती घट्ट चिकटलेली होती. एअर क्लीनरकडची होज बाहेरून चांगली दिसत होती, पण वळणाच्या जागी ऑइलने मऊ पडून आत दुमडली होती आणि दुमडीत पिवळसर, लोण्यासारखा गाळ साचला होता. झाकणाच्या आतल्या बाजूलाही तोच गाळ होता.

हा गाळ कुठून आला, याचे उत्तर मामांच्या दिनक्रमात होते. मामा गाडी रोज काढतात, पण बहुधा दोन-तीन किलोमीटरसाठीच : सकाळी भाजी, संध्याकाळी एरंडवण्यात मित्राकडे, आठवड्यातून एकदा बँक. एवढ्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही, आत तयार झालेली पाण्याची वाफ बाहेर न पडता थंड भागांवर जमते आणि ऑइलमध्ये घुसळली जाऊन त्याचे हे लोणी होते. शहरातल्या अनेक जुन्या, जपून वापरलेल्या, कमी किलोमीटर चाललेल्या गाड्यांची हीच स्थिती मी पाहिली आहे. गाडी कमी चालली म्हणून इंजिन चांगले असेल, असे मामांना प्रामाणिकपणे वाटत होते आणि ते समजावून सांगताना मला वाईट वाटले, कारण त्यांनी काळजीच घेतली होती.

फुगलेल्या हातमोज्याचा दुसरा अर्थही असू शकतो, आणि तो तपासल्याशिवाय पुढे जाणे चुकीचे ठरले असते. रिंगा झिजल्या असतील तर वायू इतका जास्त उतरतो की मोकळ्या वाटाही अपुऱ्या पडतात. म्हणून गरम इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजले. चारही सिलिंडरचे आकडे साडेबारा ते तेरा किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या दरम्यान आले आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त यांतला फरक अर्ध्या किलोच्या आत होता. प्लगच्या भोकातून थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावरही आकडे फारसे वाढले नाहीत. झिजलेल्या रिंगा असत्या तर ते उडी मारून वर गेले असते. रिंगा ठीक होत्या. नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि नवी होज बसवली आणि हातमोजा पुन्हा ताणला. या वेळी तो मधोमध खोलगट होऊन आत ओढला गेला.

ओ-रिंग

आता डिस्ट्रिब्युटर काढायचा होता. मिस्त्रींनी इंजिन फिरवून डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या रोटरची दिशा एका ठरावीक जागी आणली, डिस्ट्रिब्युटरच्या बुडावर आणि हेडवर मिळून एक बारीक सरळ रेघ ओरखडली आणि मोबाइलवर तिचा फोटो घेतला. ही रेघ नसेल तर परत बसवताना इग्निशन टायमिंग हरवते आणि गळती बंद होऊनही गाडी बिघडली असे वाटते. बोल्ट सोडवून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवत बाहेर ओढला.

खाचेतली ओ-रिंग, म्हणजे जोडातून ऑइल अडवणारी रबरी कडी, गोल राहिलेलीच नव्हती. तिचा बाहेरचा पृष्ठभाग हेडच्या भोकाच्या आकाराला घासून सपाट झाला होता, आतला खाचेच्या तळाप्रमाणे सपाट झाला होता आणि तिचा छेद जवळजवळ चौकोनी दिसत होता. मिस्त्रींनी तिला टोकदार आकड्याने उचलले, तशी ती ताणली न जाता काचेच्या बांगडीसारखी कट्‌कन तुटली आणि तिचे दोन तुकडे माझ्या तळहातावर पडले. नखाने दाबून पाहिले तर खूण उमटत नव्हती. साधे नायट्राइल रबर शंभर अंशांच्या पुढच्या उष्णतेत वर्षानुवर्षे राहिले की असेच कडक होते, आणि कडक झालेली ओ-रिंग भोकाच्या भिंतीवर दाब देऊ शकत नाही. तिचे काम त्या दाबावरच चालते.

नवी ओ-रिंग आणायला मी नाना पेठेत गेलो. दुकानदारांना जुना तुकडा दाखवून “हीच द्या” असे सांगण्याची पद्धत आहे, पण चपट्या झालेल्या तुकड्याची जाडी मोजून मूळ जाडी कळत नाही, आणि त्याच मापाची घेतली तर नवी ओ-रिंग पहिल्या दिवसापासून सैल राहते. म्हणून मी डिस्ट्रिब्युटरच सोबत नेला होता आणि व्हर्नियरने खाचेचा तळ व हेडमधल्या भोकाचा व्यास यांची मापे काढून ठेवली होती. अशा न हलणाऱ्या जोडात ओ-रिंग तिच्या जाडीच्या सुमारे पाचव्या हिश्शाने दबली पाहिजे. त्या हिशेबाने माप निवडले आणि नायट्राइलऐवजी वायटॉनची रिंग घेतली, जी दोनशे अंशांच्या आसपासची उष्णताही सहन करते. तिसऱ्या दुकानात ती मिळाली. किंमत पस्तीस रुपये.

बसवण्यापूर्वी हेडमधल्या भोकाची कडा बोटाने चाचपून पाहिली, कारण तिथे खरखरीत कड असेल तर नवी रिंग आत जातानाच कापली जाते. रिंगला ताजे ऑइल लावले, डिस्ट्रिब्युटर सरळ आत दाबला, ओरखड्याची रेघ जुळवली आणि शेवटी टायमिंग लाइट लावून इग्निशन टायमिंग कंपनीच्या पुस्तिकेतील अंशांवर आणले. सीलंट कुठेही लावले नाही. मिस्त्रींनी अनाबॉन्ड या सीलंटची ट्यूब सवयीने हातात घेतली होती, पण ओ-रिंगच्या जोडात सीलंट घालणे म्हणजे पुढच्या वेळी गळती लपवण्याची सोय करणे, हे त्यांनाही पटले. सीलंट रिंगला दबू देत नाही आणि पुढच्या माणसाला तो भाग काढताना त्रासच होतो.

त्यानंतरची नोंद

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काम पूर्ण झाले. ऑइल आणि फिल्टर बदलले, कारण जुन्या ऑइलमध्ये पाणी होते आणि तपासणीचा रंगही. पहिल्या तीन रात्री वाटीत काहीच जमले नाही. मग वाटी काढून पुन्हा पुठ्ठा अंथरला, तो आठवडाभर तसाच ठेवला. बेलहाउसिंगखालची जागा कोरी राहिली.

मामांना मी एकच बदल सुचवला : आठवड्यातून एकदा तरी गाडी सिंहगड रस्त्याने डोणज्यापर्यंत न्यावी, म्हणजे इंजिन चांगले तापेल आणि आतली वाफ बाहेर निघून जाईल. आता ते दर गुरुवारी सकाळी जातात आणि येताना ताजी भाजी आणतात. जानेवारीच्या अखेरीस ऑइल भरायच्या झाकणाच्या आतली बाजू स्वच्छ, तपकिरी दिसली. लोण्यासारखा थर पुन्हा जमला नव्हता. हातमोज्याची चाचणी फेब्रुवारीत पुन्हा केली, तेव्हाही तो आतच ओढला गेला. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचा घाम थांबला, आणि पॅकिंग तेच आहे, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

मार्चच्या मध्यापर्यंत गाडी सुमारे नऊशे किलोमीटर चालली होती आणि त्या काळात डिपस्टिकवरची पातळी राखायला शंभर मिलिलिटरपेक्षा कमी ऑइल लागले. सगळा खर्च, म्हणजे टॅपेट कव्हरचे पॅकिंग, व्हॉल्व्ह, होज, ओ-रिंग, ऑइल, फिल्टर, रंग आणि मिस्त्रींची तीन दिवसांची मजुरी मिळून, चार हजार दोनशे रुपये झाला. मिस्त्री मजुरी घ्यायला तयार नव्हते. मामांनी त्यांच्या खिशात पाकीट घालून, “काका म्हणता ना, मग ऐका,” असे म्हटले तेव्हा त्यांनी ते ठेवले.

पहिल्या आठवड्यात चेंबरच्या पॅकिंगखाली दिसलेला फिकट ठिपका अजूनही तिथे आहे. पुठ्ठ्यावर तो आठवड्याला एका डागाएवढा उमटतो आणि वाढलेला नाही. चेंबर उतरवायचा तर सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवावा लागेल आणि त्याचे जुने, गंजलेले बोल्ट तुटण्याची शक्यता आहे. एवढ्या ओलीसाठी तो धोका पत्करू नये असे मिस्त्रींचे मत पडले आणि मला ते मान्य आहे. पुढे कधी सायलेन्सर बदलण्याची वेळ आली की चेंबरचे पॅकिंग त्याच वेळी टाकायचे ठरले आहे. तोपर्यंत मामा महिन्याच्या एक तारखेला पुठ्ठा बदलतात, जुन्या पुठ्ठ्यावर तारीख घालतात आणि मी गेलो की बघायला म्हणून मीटरच्या खोलीत जपून ठेवतात.